शोधनिबंध कोणत्या जातीचा?

कात्रप, बदलापूर (पूर्व)

चि. मृण्मयीस,

पीअर रिव्ह्यू, म्हणजे जाणकारांकडून परीक्षण, झालाय म्हणजे निष्कर्ष खराच, असं तू लिहिलं आहेस. मला ते पटत नाही. निबंध कोणत्या जातीचा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या अभ्यासाचा आहे, हे आधी बघावं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचेच दोन निबंध घे. १९९८ साली गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचं नाव ऑटिझमशी जोडणारा निबंध आला, तो अवघ्या १२ मुलांच्या नोंदींचा. तुलनेला दुसरा गट नव्हता. संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्यातच छापलं होतं. तरी पालक लशीला घाबरले. १९९९ साली अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा गडचिरोलीतला अभ्यास आला. ३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासत, जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला होता, दुसऱ्या गावांत तो साठच्या आसपासच होता. परीक्षण दोन्ही निबंधांचं झालं होतं. पण १२ नोंदींवरून फार तर शंका काढता येते. उपायाने फरक पडला, असं म्हणायला तुलना लागते.

तू म्हणशील, गडचिरोलीतली गावं कुठे चिठ्ठ्या टाकून निवडली होती? नव्हती, आणि हा आक्षेप रास्तच आहे. पण पद्धत उघड मांडलेली असल्यामुळेच तो घेता आला. पुढे उत्तर प्रदेशातल्या शिवगडला आणि बांगलादेशातल्या सिल्हेटला वेगळ्या चमूंनी गट चिठ्ठीपद्धतीने पाडून अशाच गृहभेटी तपासल्या. तिथेही मृत्यू घटले. मग २०१० मध्ये अशा चाचण्या एकत्र तपासणारा पद्धतशीर आढावा आला. आशा आरोग्यसेविकांमार्फत घरच्या घरी नवजात काळजी हा सरकारी कार्यक्रम २०११चा. माझा विश्वास या साखळीवर आहे, एकट्या निबंधावर नाही.

मग परीक्षणाचा उपयोग काय? दोन-तीन जाणकार पद्धत, आकडेमोड आणि निष्कर्षाची झेप तपासतात. मूळ नोंदवह्या ते सहसा पाहत नाहीत, म्हणून बनावट आकडे त्यांच्या नजरेतून सुटू शकतात. २०२० साली कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देण्याबद्दलचा निबंध ‘लॅन्सेट’मधून दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, मूळ माहिती कुणालाच पडताळता येईना. १९९८चा तो निबंध मागे घ्यायला मात्र २०१० उजाडलं. इतका उशीर अक्षम्य आहे, असं मला वाटतं. तरीही परीक्षण टाकाऊ ठरत नाही; ढिसाळ काम बरंचसं तिथेच अडतं. अर्थात परीक्षण खरोखर होत असेल तर. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकं आपल्याकडे बोकाळली आहेत. पुण्याच्या भूषण पटवर्धनांच्या गटाने २०१८ साली यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी तपासली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यातली ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावं वगळली. म्हणून ‘यादीत आहे’ एवढ्यावर भागवू नकोस.

तुझ्या उल्हास नदीच्या प्रकल्पाला हेच लागू आहे. एका हंगामाचे नमुने तेव्हाचं पाणी कसं होतं ते सांगतील. कोणत्या कारखान्यामुळे बिघडलं, हे सांगणार नाहीत. आढावा निबंध वाचलास तर त्यातले मूळ निबंध उघड, आणि प्रीप्रिंट असेल तर अजून परीक्षण व्हायचं आहे अशी नोंद कर. निवडलेल्या निबंधांची यादी पाठव. प्रत्येकापुढे त्याची जात आणि नमुने कुठले, कोणत्या महिन्यातले, ते लिही.

तुझी मावशी