भिंत मागे, आपण पुढे

वांद्र्याच्या चॅपल रोडवर फोटो काढायला जाताय? मग आधी कपडे बघा. तिथल्या भिंतींवर इतके रंग आहेत की फुलाफुलांचा शर्ट घातलात तर भिंतीतच गडप व्हाल! एकरंगी कपडे बेस्ट. भिंतीला टेकून सगळेच उभे राहतात. त्यापेक्षा सहा-सात फूट पुढे या. कमरेपर्यंतच्या फोटोला ८५ एमएम लेन्स आणि एफ/२.८ ठेवलं की मागचं चित्र धूसर होतं, चेहरा उठून दिसतो. खांदे किंचित तिरके, वजन एका पायावर. डोक्यातून एखादं अक्षर शिंगासारखं उगवत नाही ना, तेही पाहावं. आणि हो, त्या भिंतींमागे लोक राहतात. दार अडवायचं नाही, आधी विचारायचं. कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर ती फ्रेमबाहेर कापू नका.