संगणकाची लहान पेटी व ग्राफिक्सचे मोठे कार्ड

ज्या पेटीत संगणकाचे अवयव बसविलेले असतात तीस बाजारात कॅबिनेट असे म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण तीसच सीपीयू म्हणतात, ते बरोबर नव्हे. सीपीयू हा त्या पेटीच्या आतील, तळहातावर मावणारा एक अवयव होय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही पेटी लहान होत गेली आणि तिच्यात बसवावयाचे ग्राफिक्स कार्ड मात्र मोठे होत गेले. त्यामुळे असा प्रश्न उभा राहतो की, मोठे कार्ड लहान पेटीत बसवावे कसे, आणि बसले तरी ते तेथे सुखाने नांदेल काय? बीड जिल्ह्यातील वाचकांस ह्या प्रश्नाचा विचार इतरांहून अधिक बारकाईने करणे प्राप्त आहे. त्याची कारणे ओघानेच पुढे येतील.

प्रथम कार्डाविषयी दोन शब्द. पडद्यावरील चित्र म्हणजे लक्षावधी ठिपक्यांची रांगोळी होय. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्याचे काम सोपे, परंतु ते एकाच क्षणी लक्षावधी ठिकाणी करावे लागते. म्हणून ह्या कार्डावरील चकतीत सहस्रावधी लहान गणकयंत्रे एकसमयावच्छेदेकरून राबत असतात. एनव्हिडिया ह्या कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ नावाचे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून अशा चकतीस जीपीयू हे नाव रूढ झाले. आज ही कार्डे केवळ खेळांसाठीच घेतली जातात असा पालकांचा समज असेल तर तो सोडून द्यावा. इमारतीचे त्रिमितीय आरेखन, चलच्चित्रांचे संपादन, ब्लेंडरसारख्या विनामूल्य साधनावर होणारी चित्रनिर्मिती आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग, ह्या सर्वांस ती उपयोगी पडतात. खेळांसाठीही ती घेतली जातात, हे विद्यार्थ्यांच्या वतीने आम्ही लपवीत नाही.

परंतु ही वस्तू स्वस्त नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या आरटीएक्स ४०९० ह्या कार्डाची भारतातील किंमत आरंभीच दीड लाख रुपयांच्या वर होती. आपल्या जिल्ह्यातील सहस्रावधी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. तेथे जो पैसा मिळतो तो कशा कष्टाचा असतो हे येथे कोणास सांगावयास नको. अशा जिल्ह्यात मुलाच्या हट्टापायी आणलेले कार्ड पेटीत एका बोटाने अडले, किंवा पेटीत बसले पण वैशाखात बंद पडू लागले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांनी पवित्र शास्त्राच्या तासास ऐकलेला आहे. येथे तो हिशेब रुपयांचा तर आहेच, पण त्याआधी मिलिमीटरांचा, मग वॅटांचा, आणि शेवटी अंशांचा आहे.

मिलिमीटरांपासून आरंभ करू. नेहमीच्या मोठ्या संगणकातील एटीएक्स जातीचा मदरबोर्ड इंटेल कंपनीने १९९५ साली ठरविलेल्या मापाचा, म्हणजे ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरांचा असतो. व्हिया कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स नावाचे माप आणले. त्यात मदरबोर्ड अवघा १७० मिलिमीटरांचा चौरस झाला. ह्या चौरसाभोवती सात-आठ लिटरांच्या पेट्या निघाल्या. सात लिटर म्हणजे किती, तर आपल्या घरातील पंधरा किलोंचा तेलाचा डबा अर्धा भरावयासही ते पुरावयाचे नाहीत. आता वर सांगितलेले आरटीएक्स ४०९० पाहा. कंपनीने स्वतः बनविलेल्या त्या कार्डाची लांबी ३०४, रुंदी १३७ व जाडी ६१ मिलिमीटर आहे. इतर कारखानदारांनी केलेली त्याचीच रूपे ह्याहूनही दांडगी आहेत. डॅन ए४-एसएफएक्स नावाची सुमारे ७.२ लिटरांची एक नामांकित लहान पेटी आहे. तिच्यात २९५ मिलिमीटरांपर्यंतचे कार्ड मावते. फरक नऊ मिलिमीटरांचा, पण तेवढ्यासाठी पत्रा कोण कापणार?

लांबी मोजताना पेटीच्या मागील पट्टीपासून पुढील भिंतीपर्यंत मोजण्याची चूक बहुतेक लोक करतात. पुढील भिंतीस आतून पंखा लावलेला असेल तर त्याची २५ मिलिमीटर जाडी वजा केली पाहिजे. जाडीचे गणित निराळे आहे. पेटीच्या मागील बाजूस कार्डांसाठी ज्या खाचा असतात त्यांतील अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाचे आठ दशांश, असे ठरलेले आहे. म्हणून दुकानदार 'दोन खाचांचे', 'तीन खाचांचे' असे कार्ड सांगतो. 'अडीच खाचांचे' असे सांगितल्यास ते तीन खाचांचेच समजावे; अर्धी खाच रिकामी राहिली तरी तिच्यात दुसरे काही बसत नाही. रुंदीच्या बाबतीत सर्वांत अधिक फसगत होते, कारण कार्डाच्या माथ्यावर विजेची केबल लागते व ती एकदम काटकोनात मुडपता येत नाही. मोठ्या कार्डांच्या सोळा टाचण्यांच्या जोडणीपासून सुमारे ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवून मगच तिला वळण द्यावे. म्हणजे १३७ मिलिमीटर रुंदीच्या कार्डास पेटीत १७२ मिलिमीटर जागा पाहिजे. ही जोडणी अर्धवट बसल्यामुळे तापून वितळल्याची उदाहरणे २०२२ साली जगभर गाजली होती. तेव्हा पेटीचे झाकण केबलीस दाबून बंद होत असेल, तर ते बंद झाले असे मानू नये.

लहान पेट्यांच्या रचनाकारांनी जागेच्या टंचाईवर एक युक्ती काढली आहे. नेहमीच्या पेटीत कार्ड मदरबोर्डवर फळीसारखे आडवे बसते. ह्या पेट्यांत मधोमध एक पत्र्याची भिंत असते. तिच्या एका अंगास मदरबोर्ड व दुसऱ्या अंगास कार्ड अशी दोघे पाठीस पाठ लावून उभी राहतात, आणि रायझर नावाची एक चपटी केबल त्यांस जोडते. ह्यात कार्डाचा भार मदरबोर्डवर पडत नाही, हा लाभ आहे. मात्र रायझर जुन्या तिसऱ्या पिढीचा व कार्ड चौथ्या पिढीचे असल्यास पडदा कधी कधी काळाच राहतो, आणि मग मनुष्य उगाच कार्डास दोष देतो. मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, जोडणीची पिढी हाताने तिसरी ठरविली की बहुधा हे दुखणे जाते.

विजेचा हिशेब थोडक्यात आटोपता येईल. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डास ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. हे मान आपल्या जुन्या छताच्या एका पंख्याइतके आहे. त्याहून अधिक हवी असल्यास सहा टाचण्यांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५०, आणि नव्या सोळा टाचण्यांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत घेता येते. वीज पुरविणारा जो डबा, ज्यास आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात, तोही लहान पेटीत लहान जातीचाच बसतो. म्हणून पेटी घेतानाच त्याची जात पाहून ठेवावी. आपल्याकडे वीज जाते व येते, म्हणून घरोघरी यूपीएस असतो. परंतु ६०० व्हीए असे लिहिलेला साधारण यूपीएस बहुधा ३६० वॅटांचाच भार सोसतो, आणि ४५० वॅटांचे कार्ड पूर्ण भरात असताना वीज गेली तर तो यूपीएस असून नसल्यासारखाच होय.

आता मुख्य गोष्ट. कार्ड जितकी वीज घेते तितकी सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने पेटीत सोडते. पेटी म्हणजे वस्तू ठेवावयाची जागा असे आपण समजतो, हाच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. ती वस्तुतः हवेची वाट आहे. बीडजवळील खजाना विहीर आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी सलाबतखानाने ती बांधविली. तिच्यात दोन भुयारी वाटांनी पाणी येते व तिसऱ्या वाटेने ते मळ्यांकडे जाते. तिचे वर्म तिच्या खोलीत नसून ह्या येण्याजाण्याच्या मेळात आहे. पेटीतील उष्णतेचेही असेच आहे. आत येणारी थंड हवा व बाहेर जाणारी तापलेली हवा ह्यांचा मेळ बसला की उष्णतेची पातळी एका जागी ठरते. जाण्याची वाट बुजली की पातळी चढू लागते.

हा मेळ किती मोठा लागतो ते गणिताने पाहू. एक लिटर उन्हाळी हवा एक अंशाने तापविण्यास अदमासे एक ज्यूल व त्याहून किंचित अधिक उष्णता लागते. ३०० वॅटांचे कार्ड दर सेकंदास ३०० ज्यूल उष्णता सोडते. पेटीतून बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेहून दहा अंशांपेक्षा अधिक तापू नये अशी इच्छा असेल, तर दर सेकंदास सुमारे २८ लिटर हवा आतून वाहिली पाहिजे. म्हणजे दहा लिटरांच्या पेटीतील सगळी हवा दर सेकंदास जवळजवळ तीन वेळा बदलली पाहिजे! जाळीवर धूळ साचून हा ओघ निम्मा झाला की दहाचे वीस अंश होतात. आपल्याकडे वैशाखात खोलीतीलच हवा ४० अंशांच्या वर असते. तेव्हा पेटीतून ६० अंशांची हवा बाहेर पडेल, आणि पेटी भिंतीस टेकलेली असेल तर कार्ड तीच हवा पुन्हा आत ओढील. कार्डाची चकती ८५ अंशांच्या आसपास थोपवून धरावयाची असते. बाहेरची हवा २५ अंशांची असेल तर मध्ये ६० अंशांचे अंतर मिळते. ४२ अंशांची असेल तर ४३ अंशांचेच. पुण्यास किंवा परदेशी कोणा परीक्षकाने हिवाळ्यात तपासून चांगले ठरविलेली पेटी बीडमध्ये मे महिन्यात तशीच चालेल असे का समजू नये, ह्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे. तापल्यावर कार्ड प्रथम आपली गती आपणच कमी करते, आणि तेवढ्यानेही न भागल्यास बंद पडते. उष्णता घालविण्याचे साधन आटले म्हणजे मोठ्या यंत्रांचीही हीच गत होते: २०१३ सालच्या दुष्काळात परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

केवळ आकाराने मोठे म्हणजे थंड, असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत आलेले आरटीएक्स ५०९० हे कार्ड कंपनीच्या स्वतःच्या रूपात ४० मिलिमीटर जाडीचे, म्हणजे आधीच्या ६१ मिलिमीटरांच्या कार्डाहून एक तृतीयांशाने पातळ निघाले. परंतु त्याची विजेची भूक ४५० वॅटांवरून ५७५ वर गेली. हे साधले ते वाट मोकळी केल्यामुळे: कार्डाची मूळ पाटी मधोमध आखडून घेतली व दोन्ही पंख्यांची हवा पात्यांतून आरपार जाऊ दिली. मात्र ही सर्व तापलेली हवा पेटीतच पडते, हे अशा कार्डाच्या खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. पुण्यास सी-डॅक ह्या संस्थेत परम सिद्धी नावाचा महासंगणक आहे. २०२० च्या नोव्हेंबरात तो जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता. तो ज्या यंत्रपेट्यांचा बनलेला आहे त्यांतील एकेका पेटीत आठ कार्डे आहेत, आणि पेटीची उंची केवळ २६४ मिलिमीटर! पूर्ण भरात अशी एक पेटी साडेसहा किलोवॅटपर्यंत वीज घेते. एवढी दाटी तेथे चालते ह्याचे कारण, तशी यंत्रे मुद्दाम थंड राखलेल्या दालनात असतात व त्यांच्या पंख्यांच्या घोंघावण्याने कोणाच्या अभ्यासात व्यत्यय येत नाही. आपल्या ओसरीवर तो थाट नाही.

मग आमच्या विद्यार्थ्याने करावे काय? आमचे मत विचाराल तर शिकावयास मोठे कार्ड लागतच नाही. कचेऱ्यांतून निकालात निघालेले लहान, चपट्या पेटीचे संगणक बाजारात बरे मिळतात. त्यांत अर्ध्या उंचीचे, सुमारे ६९ मिलिमीटरांचे कार्डच बसते, आणि त्यांचा एसएमपीएस बहुधा दोनशे-अडीचशे वॅटांचाच असतो. अशा पेटीसाठी २०१९ चे जीटीएक्स १६५० किंवा २०२४ चे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० अर्ध्या उंचीच्या रूपात पाहावे. पहिले ७५ व दुसरे ७० वॅटांत काम करते, आणि दुसऱ्यास निराळी वीजजोडणी लागत नाही. मोठे कार्ड घेण्याजोगी परिस्थिती असेल त्याने पेटीही मोठी घ्यावी. लहान पेटीची शोभा ज्यांच्या मेजावर जागा नाही अशा शहरवासीयांस लखलाभ असो. लहान पेटीतच मोठे कार्ड बसविणे भाग असेल, तर कार्डाची विजेची कमाल मर्यादा साधनातून सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणावी. उष्णता त्या प्रमाणात उतरते व गती मात्र त्या मानाने फारच थोडी घटते.

प्रत्यक्ष बसविताना वीज तोडून, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील विद्युद्भार घालवावा. लहान पेटीत कार्ड एकदा आत गेल्यावर बोटे शिरत नाहीत, म्हणून कित्येकदा केबल आधी जोडून मगच कार्ड तिरके करून आत सोडावे लागते. खाचेत ते पूर्ण बसले म्हणजे कडी लागल्याचा आवाज येतो. त्यानंतरच स्क्रू आवळावे. पेटी लहान म्हणून ती पिशवीत घालून एसटीने नेण्याचा मोह होतो. आडव्या बसविलेल्या जड कार्डाचे वजन दोन किलोंवर असू शकते, आणि आपल्या रस्त्यांवरील हादऱ्यांनी ते आपल्या खाचेसच उपटू पाहते. अशा वेळी ते काढून वेगळे न्यावे. जाळीवरील धूळ उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी मऊ कुंचल्याने झाडावी. वारा मारून धूळ काढावयाची असल्यास कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून त्यांची बैठक झिजते.