थंडीत डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही. दोष कुठे शोधावा?

थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल दाट होते. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार नेहमीची. स्टार्टर रडतखडत फिरत असेल तर संशय आधी बॅटरीवर. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. स्टार्टर मारताना आकडा ९.६ खाली घसरला तर बॅटरी थकलेली असते. पण ती बदलण्याआधी टर्मिनलवरची पांढरट-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करावी, कारण पुष्कळदा नवी बॅटरी उगाचच गळ्यात पडते. स्टार्टर जोमात फिरूनही इंजिन पेटत नसेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल, तर सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग तपासावेत. डॅशबोर्डवरचा त्यांचा स्प्रिंगच्या चिन्हाचा पिवळा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारावा, तोही सलग दहा सेकंदांहून जास्त नाही.