हळद, गालिचा आणि साबण

हळदीच्या डागाला कपड्यांची पावडर लावू नका, आणि गालिचा लोकरीचा असेल तर मुळीच नको. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या भदोहीच्या गालिच्यावर आमटीची वाटी कलंडली. मदतीला धावलेल्या पाहुणीने त्यावर पावडर भुरभुरली, तांब्याभर पाणी ओतलं आणि ब्रशने घासायला घेतलं. बघता बघता पिवळा डाग लाल झाला आणि वाटीएवढा होता तो ताटाएवढा पसरला. तिने केलं ते मायेपोटीच. पण बहुतेक घरांत हेच होतं, म्हणून लिहिते आहे.

हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. हळदीपासून कुंकू करताना चुना घालतात तो याचसाठी. कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते, खायचा सोडाही. आमचा लाल डाग दुप्पट पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुन्हा पिवळ्यावर आला. लोकरीला सौम्य आम्ल चालतं, तिला रंगवतातही आम्लातच. क्लोरीन ब्लीच मात्र लांब ठेवा. त्यात लोकरीचा धागा अक्षरशः विरघळतो.

काही सांडलं की आधी घट्ट भाग चमच्याने उचला. मग जुना पांढरा पंचा किंवा मांजरपाट डागावर दाबून धरा. टिपायचं, घासायचं नाही, आणि कडेकडून मध्याकडे यायचं. कापडाची बाजू सतत बदलत राहा. रंगीत फडकं नको, त्याचा रंग उतरतो. फोडणीचं तेल असतंच, तेव्हा त्यावर कॉर्नफ्लोअर पसरून काही वेळ ठेवा आणि झटकून टाका. त्यानंतर लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड थेंबभर पाण्यात मिसळून बोळ्याने लावा. त्याआधी कोपऱ्यावर ओलं पांढरं कापड दाबून गालिच्याचा रंग सुटतो का, हे बघाच.

पाणी कमी वापरा, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. गालिचा उलटा करून बघा. मागेही नक्षी आणि गाठी दिसत असतील तर तो हाताने विणलेला आहे. मागे कापड चिकटवलेलं असेल तर मधे लेटेक्सचा थर असतो. तिथे मुरलेलं पाणी लवकर सुकत नाही आणि कुबट वास धरतो. ताग असेल तर त्याचा तपकिरी रंग वर येतो. पावसाळ्यात तर दोन खुर्च्यांवर गालिचा टाकून वरखाली पंखा लागलाच पाहिजे. दूध सांडलं तर गरम पाणी नको, त्यातली प्रथिनं धाग्यात गोठून बसतात.

उरलेला पिवळेपणा उन्हाला द्या. कर्क्युमिन उजेडात विटतं. बाकीचा गालिचा चादरीने झाका, नाहीतर त्याचेही रंग उडतील. आमचा डाग असाच, दुपारी थोडा थोडा करत फिकटला.

रेशमी गालिच्यावर यातलं टिपण्यापलीकडे काहीच करू नका. जाणकार धुणाऱ्याकडे न्या आणि काय सांडलं, त्यावर काय लावलं, हे त्याला न लपवता सांगा. पावडर लागली असेल तर तेही.