ऑगस्टात या, मग ठरवा

डोंबिवली सोडून सांगलीला यायचं तुम्हा दोघांच्या मनात घोळतंय, हे तुझ्या वडिलांकडून, म्हणजे दादाकडून, कळलंच होतं. आता तू स्वतः विचारलंस, म्हणून सविस्तर सांगते. मी गिरगावातून लग्न होऊन इथं आले. सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं घरकर्जाची प्रकरणं तपासण्यात गेली. माणसं कशाच्या भरवशावर घर घेतात आणि पुढं कुठं अडतात, ते जवळून पाहिलंय. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच घाईनं येऊ नये असंही वाटतं.

तुम्ही सांगली पाहिलीत ती दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर लग्नकार्यात. तेव्हा हवा छान असते, घरोघर पाहुणचार असतो, निघताना भडंगाचे पुडे हातात पडतात. त्यावर काही ठरवू नका. एकदा मे महिन्यात आठवडाभर येऊन राहा आणि एकदा ऑगस्टात. माझ्याकडे नको, कुठंतरी खोली घेऊन राहा आणि सुट्टी न काढता रोजचं काम इथून करा. मेमध्ये भर दुपारी वीज गेली की मीटिंगचं काय होतं ते कळेल. ऑगस्टात कळेल की इथल्या माणसाचं सगळं लक्ष कुठं लागलेलं असतं. त्या महिन्यात दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ हे विचारतात.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५ ला महापूर आला, नंतर २०२१ ला पुन्हा आला. वर कोयनेचं शंभर टीएमसीहून मोठं धरण भरत आलं की विसर्ग वाढवावा लागतो. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. ती फुगलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला वाट राहत नाही आणि ते शहरात मागं रेटतं. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट ही नावं त्या दिवसांत बातम्यांत येतात ती यामुळं. विश्रामबाग उंचावर आहे, मिरजही उंचावर.

पाटबंधारे खात्यानं आखलेल्या पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. ज्या जागेवर तुझा डोळा असेल ती या रेषांच्या आत की बाहेर, हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून घे. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एक पूर येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षं निवांत, असा मात्र लावू नकोस. वर सांगितलेली तीन सालं बघ म्हणजे कळेल. नकाशा बघून झाला की त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचार, ‘२०१९ ला इथं पाणी कुठवर होतं?’ विकणाऱ्याला किंवा एजंटाला विचारू नकोस. दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो. आणि घर कोरडं राहतं एवढ्यानं भागत नाही. त्या दिवसांत रस्ते तुटतात, नदीतून पाणी उपसणाऱ्या जॅकवेल बुडाल्या की पिण्याचं पाणी बंद होतं, दूध येत नाही. तुमच्या घरापासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता पुरात चालू राहतो का, हेही त्याच दुकानदाराला विचार.

आता घर घेण्याचं. पहिली दोन वर्षं घेऊच नका. भाड्यानं राहा, अकरा-अकरा महिन्यांचे करार करा. डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका, तोही भाड्यानं द्या. इथल्या भाड्यापेक्षा तिथलं भाडं बरंच जास्त येईल, तोच तुमचा आधार. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या आळीत मुंबईहून परतलेली कुटुंबं आली होती. ज्यांनी परळ-लालबागची खोली तेव्हाच मिळेल त्या भावाला विकली, त्यांच्या मुलांना पुढं मुंबईत नोकरी लागली तेव्हा डोकं टेकायला जागा उरली नव्हती. ज्यांनी खोली भावाच्या किंवा चुलत्याच्या ताब्यात ठेवली, त्यांची मुलं पुन्हा उभी राहिली. मुंबईच्या पट्ट्यातून बाहेर पडणं सोपं असतं. तिथं पुन्हा घर घेणं बहुतेकांना जमत नाही.

कुणीतरी सांगेल की फ्लॅट विकून लगेच इथं घर घेतलं नाही तर कर भरावा लागेल. घाबरू नकोस. घर विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर भांडवली नफ्यावर सवलत मिळते. तोवर नफ्याची रक्कम विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी बँकेत त्यासाठीच्या खास खात्यात ठेवायची असते. करापायी घाईत घर घेऊन पस्तावलेली माणसं मी बँकेत पाहिली आहेत.

पुढं कधी घ्यायचं ठरलंच, तर गुंठेवारी हा शब्द नीट समजून घे. शेतजमीन बिगरशेती न करता गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, अशा वसाहती सांगलीत पुष्कळ आहेत. २००१ च्या कायद्यानं त्या नियमित करायची वाट निघाली. २०२१ च्या सुधारणेनं २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही ती मिळाली. विकणारा म्हणेल, ‘नियमित होतंय, फाइल गेलीय.’ तू म्हण, प्रमाणपत्र दाखवा, मग बोलू. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढ. तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून करून घे, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको. आणि शामरावनगरसारख्या सखल भागात नदीचा पूर नसतानाही नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं, म्हणून प्लॉट पावसाळ्यात बघ.

नोकरीबद्दल तू फोनवर म्हणालास, ‘घरून काम चालतं, साहेबांना काही हरकत नाही.’ साहेब बदलतात. सांगलीहून काम करायची परवानगी कंपनीच्या लेटरहेडवर घे. आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल, गाव बदललं म्हणून पगार बदलणार का, हे त्यात लिहून घे. जुन्या कररचनेत असलास तर सांगलीला घरभाड्याच्या सवलतीची मर्यादा पगाराच्या ४० टक्के असते, तोही हिशेब मांड. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभरात मुंबईला पोचवते, ट्रॅव्हल्सच्या गाड्याही आहेत. महिन्यातून एकदा जाणं जमून जातं. दर आठवड्याला रात्री गाडीत झोपून सकाळी ऑफिस गाठणं चाळिशीनंतर शरीराला पेलत नाही. दर आठवड्याला जावं लागणार असेल, तर हा विचार आत्ताच सोडून दे.

पण तुझ्या नोकरीपेक्षा मला भाचेसुनेच्या नोकरीची काळजी आहे. तुझं काम लॅपटॉपमध्ये मावतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिचं मावत नाही. मिरजेत दवाखाने आणि लॅब भरपूर आहेत, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून ते वैद्यकाचं गाव आहे. कोकणातून आणि कर्नाटकातून रुग्ण तिथं येतात. पण ‘तिथं सहज मिळेल’ ही नोकरी नव्हे. तिच्या हातात नेमणुकीचं पत्र पडू दे, त्यातला पगार तिला मान्य होऊ दे, मग सामान बांधा. डोंबिवलीपेक्षा पगार कमी असणार, हे धरूनच चाला. नवऱ्याच्या सोयीसाठी नोकरी सोडून इथं आलेल्या आणि मग दहा वर्षं ‘बघते काहीतरी’ म्हणत घरीच राहिलेल्या हुशार मुली मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

खर्च कमी होईल का, असं विचारलंस. होईल. घरभाडं, भाजी, रिक्षा, जाण्यायेण्याचा वेळ, सगळंच कमी. मुलीच्या क्लासची फी मात्र फारशी कमी नाही, आणि दोन दुचाकी लागतीलच. पण गावाला तुमच्याकडून दुसरं काहीतरी लागतं, ते हिशेबात कुणी धरत नाही. ते म्हणजे हजेरी. डोंबिवलीत शेजारच्या मजल्यावर कुणी गेलं तर जिन्यात भेटून चार शब्द बोललं की चालतं. इथं मातीला जावं लागतं, रक्षाविसर्जनाला जावं लागतं, तेही कामाच्या दिवशी सकाळी. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, हळदीकुंकू, कुणाला दवाखान्यात डबा. आमंत्रण आलं आणि कुणीच गेलं नाही, तर ते लक्षात ठेवलं जातं. पहिल्या वर्षी लोक सांभाळून घेतात. नंतर तुमच्या घरी कुणी येईनासं होतं, आणि मोठ्या शहरातून येऊन इथं एकटं पडणं तिथल्यापेक्षा जास्त बोचतं.

या हजेरीचं मोल काय ते मी २०१९ मध्ये पाहिलंय. आमच्या भागात एकेका घरात पूरग्रस्त ओळखीच्यांची दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं राहायला होती. कुणी कुणाला विचारत बसलं नाही. एरवीही प्लंबर रविवारी येतो, डॉक्टर रात्री फोन उचलतात, शाळेतल्या बाई मुलीचं काही बिनसलं तर घरी कळवतात. हे सगळं ओळखीवर चालतं आणि ओळख हजेरीनं होते. तुम्हा दोघांना माणसांत जायला मनापासून आवडत असेल तर या गावात फार सुखानं राहाल. शनिवार-रविवार दार बंद करून आपलं आपण राहण्यातच तुम्हाला सुख असेल, तर त्यात चूक काही नाही, पण मग डोंबिवलीच बरी.

यात बाईच्या वाट्याला जास्त येतं, हेही स्पष्ट सांगते. रात्री नऊला लॅबमधून परतणाऱ्या सुनेला डोंबिवलीच्या स्टेशनवर कुणी बघत नाही. इथं पहिले काही महिने समोरच्या काकू विचारतील, ‘आज उशीर झाला?’ बहुतेकींच्या विचारण्यात माया असते, काहींच्या नसते. हे तिला चालणार आहे का, ते तू ठरवू नकोस. तिनं मला थेट फोन करावा, तू शेजारी नसताना.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. आरोग्यविम्याचा करार काढून वाच. काही पॉलिसींत गावाप्रमाणे हप्ता ठरतो. सांगलीच्या पत्त्यावर कमी हप्ता भरून पुढं मुंबईत उपचार घेतले, तर बिलाचा काही भाग स्वतः भरावा लागतो. मुलगी सहावीत आहे. आणायचं असेल तर आठवीच्या आत आणा, नववी-दहावीच्या मध्ये शाळा आणि बोर्ड बदलू नका. बारावीनंतर ती पुण्याला जायचं म्हणेल, हेही गृहीत धरा. वालचंद कॉलेज इथं असलं तरी इथली बरीच मुलं जातात. तुला नाटकाचं वेड आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात उभं केलं, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, ५ नोव्हेंबरला गौरवपदक दिलं जातं. पण दर शनिवारी नवा प्रयोग बघायची सवय इथं मोडावी लागेल.

राहिले दादा-वहिनी. दादाला विचारलंस तर तो म्हणेल, ‘तुम्ही जाल तिथं आम्ही.’ ते उत्तर धरू नकोस. त्याचा मधुमेहाचा डॉक्टर, सकाळचा फिरायचा ग्रुप, वाचनालय, सगळं डोंबिवलीत पायी अंतरावर आहे. वहिनीच्या भजनी मंडळातल्या बायका ही तिची रोजची माणसं आहेत. सत्तरीनंतर नवी माणसं जोडणं फार जड जातं. दोघांना वेगवेगळं विचार. ऑगस्टात त्यांनाही घेऊन ये. ती दोघं मात्र माझ्याकडेच उतरतील. दादाला आमच्या डॉक्टरांकडे नेऊन आणते, वहिनीला इथल्या भजनात नेते. त्यांचा जीव इथं रमत नाही असं दिसलं, तर त्यांना तिथंच राहू दे आणि तुमचं येणं दोन-चार वर्षं पुढं ढकला. गाव कुठं जात नाही. जूनची शाळा धरायची असेल तर निर्णय फेब्रुवारीपर्यंत व्हायला हवा, म्हणून या ऑगस्टात रजा न टाकता, काम सोबत घेऊन आठवडाभर या, आणि तारखा मला आत्ताच कळव. विश्रामबागेत ओळखीच्यांची एक खोली रिकामी आहे, ती मी बोलून ठेवते.