गिलानसेवा आणि महामारी : दुर्बल घटकांच्या सामुदायिक आरोग्यसेवेचा एक अभ्यास

महामारी सर्वांनाच गाठते, असे म्हटले जाते. विषाणूला जात, धर्म, श्रीमंती कळत नाही हे खरे; परंतु मृत्यूची नोंदवही उघडून पाहिली की चित्र निराळे दिसते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरात युरोपीय लोकांचा मृत्युदर हजारी ८.३ होता. सवर्ण हिंदूंचा तो १८.९ होता. ज्यांना तेव्हाच्या सरकारी नोंदीत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले जाई, त्यांचा दर मात्र हजारी ६१.६ इतका होता. शहर एक, साथ एक, महिनेही तेच. तरी आपल्या आजा-पणजांच्या वस्तीत मृत्यू सातपटींहून अधिक वेगाने फिरला. विषाणूने हा भेद केला नाही. दाटीवाटीच्या चाळी, अपुरे अन्न, दूषित पाणी आणि दारापर्यंत न पोहोचलेला वैद्य यांनी तो केला.

कोरोनाच्या साथीनंतर निघणाऱ्या या स्मरणिकेत म्हणूनच हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे. महामारीच्या काळात दुर्बलांची काळजी कोणी घ्यावी, कशी घ्यावी, आणि आपण बौद्ध म्हणून त्याकडे कसे पाहावे, हे तीन प्रश्न येथे मांडले आहेत.

विनयातील एक प्रसंग

विनयपिटकातील महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग येतो. भगवान बुद्ध आणि आनंद विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता, पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला त्यांना आढळला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून तेही त्याची विचारपूस करीत नसत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी भिक्खुसंघ एकत्र बोलाविला. तुम्हाला येथे माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हेही त्यांनी तेथेच सांगितले.

या प्रसंगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. आमच्या विषयासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने काळजी घ्यावी, नसेल तर आचार्याने, तोही नसेल तर शिष्याने वा सहनिवाशाने, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने, असा क्रम तथागतांनी घालून दिला. संघाने ती घेतली नाही तर तो दोष ठरविला. म्हणजे ज्याला कोणी नाही, त्याची जबाबदारी आपोआप सर्वांची होते. आजच्या भाषेत यालाच सार्वजनिक आरोग्यव्यवस्था म्हणतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. त्यामागील तत्त्व याहून वेगळे नाही.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एक, जो योग्य आहार, औषध व शुश्रूषा मिळो अथवा न मिळो, बरा होतोच. दुसरा, जो हे सर्व मिळूनही बरा होत नाही. तिसरा, जो हे मिळाले तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी आहार, औषध व शुश्रूषक यांची व्यवस्था आहे, आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही सेवा करावी, असा तेथील निष्कर्ष आहे. एप्रिल २०२१ मध्ये खाटा आणि प्राणवायू अपुरे पडले तेव्हा देशभर हाच प्रश्न उभा होता. तिसऱ्या प्रकारचा रुग्ण बहुधा गरीब असतो. वेळेवर काळजी मिळाली तर तो वाचतो, न मिळाली तर जातो. मृत्युदरातील फरक येथेच पडतो.

पनवेलचे दुर्बल कोण?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोली ही आधुनिक वसाहतींची नगरे आणि जुने पनवेल शहर तिच्या हद्दीत आहे. तालुक्याचा उरलेला ग्रामीण भाग जिल्हा परिषदेकडे आहे. एकाच तालुक्यात उंच इमारती आहेत, तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे, आणि डोंगरांच्या कुशीत कातकरी व ठाकूर समाजाचे पाडेही आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. भातकापणी उरकली की यातील असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, ती नेमकी भट्टीच्या हंगामात.

दुर्बलांची यादी येथेच थांबत नाही. नाक्यावर काम शोधणारा मजूर, घरकाम करणारी स्त्री, मालमोटारीचा चालक, सफाई कामगार, एकटे राहणारे वृद्ध, अपंग व्यक्ती, पुलाखाली झोपणारा निराधार, हे सारे तिच्यात येतात. मुंबईहून पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणारे रस्ते पनवेलजवळ फुटतात. टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेले मजूर याच रस्त्यांनी गेले. मे २०२० मध्ये पनवेल स्थानकातून मध्य प्रदेशाकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. या लोकांना एकच सूचना देऊन भागणारे नव्हते. प्रत्येकाचे दुबळेपण वेगळे होते, म्हणून उपायही वेगळे हवे होते.

शुश्रूषकाचे पाच गुण

वर सांगितलेल्या महावग्गातील प्रकरणातच आजाऱ्याची शुश्रूषा करण्यास योग्य अशा व्यक्तीचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण दिले आहेत. सामुदायिक आरोग्यसेवेची कसोटी म्हणून ते आजही वापरता येतात.

पहिला गुण : औषधाची व्यवस्था करता येणे. केवळ सदिच्छा पुरेशी नाही, कौशल्य हवे. राज्य शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविली. तिच्यात पथकांनी घरोघरी जाऊन ताप व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले आणि मधुमेह, रक्तदाब अशा सहव्याधींची नोंद केली. कोरोनात पुष्कळदा दम लागण्यापूर्वीच प्राणवायू कमी होत असे. त्यामुळे बोटाला लावायचे छोटे ऑक्सिमीटर, आणि आकडा ९४ च्या खाली गेल्यास थांबू नये हे ज्ञान, एवढ्यानेही रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचे. नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्राणवायूनिर्मितीचे प्रकल्प उभारण्यास आरंभ केला, म्हणून दुसऱ्या लाटेत तो दूरचा जिल्हा सावरू शकला. तयारी साथीच्या आधी करावयाची असते, हा त्यातील धडा.

दुसरा गुण : हितकर काय आणि अहितकर काय हे जाणणे. 'घरात राहा' हा सल्ला चार खोल्यांच्या घरात हितकर आहे. दहा माणसे एका खोलीत राहतात तेथे तो सर्वांना बाधित करील. 'वारंवार हात धुवा' हे ज्या पाड्यावर चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते तेथे सांगताना आधी पाणी पोहोचवावे लागते. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांहून अधिक माणसे आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय, अशी तेथील स्थिती. तेथे रुग्ण येण्याची वाट न पाहता त्याला शोधण्यात आले. स्थानिक खासगी डॉक्टरांना तपासणीत सामील करून घेण्यात आले, शाळा व क्रीडासंकुले विलगीकरणासाठी घेण्यात आली, शौचालये पुन्हा पुन्हा निर्जंतुक करण्यात आली आणि विलगीकरणात जेवण पुरविण्यात आले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या प्रयत्नांचा उल्लेख केला. तेथे वस्ती जशी होती, तसा उपाय योजला होता.

तिसरा गुण : लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीचित्ताने सेवा करणे. या गुणाचे महाराष्ट्रातील सर्वांत उज्ज्वल उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसर येथील ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणल्यानंतर सावित्रीबाईंना स्वतःलाच प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मैत्रीचित्त हे सेवकाच्या मनाचे माप आहे. त्याचा मोबदला बुडविण्याचे ते निमित्त नव्हे. कोरोनाकाळात घरोघर फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकांना त्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये प्रोत्साहनपर भत्ता मिळत होता. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना रास्त मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. आपल्या कित्येक भगिनी आणि माजी विद्यार्थिनी हे काम करतात. त्यांचा सत्कार अवश्य व्हावा. पण त्यांच्या वेतनाच्या मागणीमागेही समाजाने उभे राहावे.

चौथा गुण : मल, मूत्र, थुंकी, वांती यांची किळस न येणे. भेदभावाच्या मुळावर घाव घालणारा हा गुण आहे. साथीत 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द आला आणि त्याचे मराठीत 'सामाजिक अंतर' झाले. ज्यांना शतकानुशतके सामाजिक अंतरावरच ठेवले गेले, त्यांच्या कानांना तो शब्द टोचल्यावाचून कसा राहील? अंतर शरीराचे हवे होते, समाजाचे नव्हे. तरीही अनेक ठिकाणी बरे होऊन आलेल्यांना पाण्याच्या नळावर येऊ दिले गेले नाही, परिचारिकांना भाड्याची घरे सोडावयास सांगितले गेले. संसर्गाची भीती आणि विटाळाची कल्पना यांची सरमिसळ होऊ न देणे हे आपले विशेष कर्तव्य आहे, कारण विटाळ म्हणजे काय ते आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. पनवेल तालुक्यातच नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचे काम उभे आहे. समाजाने दूर लोटलेल्या रोग्याला शिवणे म्हणजे काय, हे पाहावयास दूर जाण्याची गरज नाही.

पाचवा गुण : योग्य वेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रफुल्लित करणे. आजच्या संदर्भात याचा अर्थ धीर देणे आणि सत्य सांगणे. लसीविषयी अफवा उठल्या तेव्हा पाड्यावरच्या माणसाने अधिकाऱ्यापेक्षा ओळखीच्या आशाताईवर, शिक्षकावर विश्वास ठेवला. विश्वास बळजबरीने मिळत नाही. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरे तपासली गेली, माणसांना ओढून नेले गेले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला की साथ वाढते.

रुग्णाचे गुण आणि आपली जबाबदारी

त्याच प्रकरणात चांगल्या रुग्णाचेही पाच गुण आहेत : हितकर ते करणे, प्रमाण ओळखणे, औषध घेणे, शुश्रूषकाला आजार जसा आहे तसा सांगणे आणि वेदना सहन करणे. यांतील चौथ्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. आजार सांगितल्यास रोजगार जाईल, वस्ती बहिष्कार घालील, अशी भीती असेल तर रुग्ण खरे सांगणार नाही. म्हणून रुग्णाचा प्रामाणिकपणा हा समाजाच्या वर्तनावर अवलंबून असतो.

महामारीत इतर आजार थांबत नाहीत, हेही स्मरणात असावे. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये ही संख्या सुमारे १८ लाखांवर आली. रोग घटला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. तसेच १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली तेव्हा नोंदणी भ्रमणध्वनीवरून करावयाची होती. ज्याच्याकडे साधन नाही तो रांगेत सर्वांत मागे राहिला. अशा वेळी शेजारच्या एका महाविद्यालयीन तरुणाने दहा घरांची नोंदणी करून देणे हीसुद्धा गिलानसेवाच होती.

आता करावयाचे काय?

वसतिगृह हेही एक सहनिवासच आहे. माता-पित्यांपासून दूर राहणारी मुले एकमेकांची सोबती असतात. विहारातील त्या आजारी भिक्खूचा प्रसंग म्हणूनच आम्ही वर्गात धम्मकथेबरोबर आरोग्याचा पाठ म्हणून शिकवावा असे मानतो. पुढील गोष्टी माजी विद्यार्थी, पालक आणि प्रत्येक बुद्धविहाराने सहज कराव्यात :

१. आपल्या वस्तीतील एकटे वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व दीर्घ आजाराचे रुग्ण यांची यादी करावी, ती दर वर्षी नवी करावी आणि त्यांच्या खाजगीपणाचा मान राखावा.
२. विहारात तापमापक, रक्तदाबमापक व ऑक्सिमीटर ठेवावे आणि ते वापरता येणारी किमान चार माणसे तयार करावीत.
३. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा स्वयंसेविका आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येक घराला ठाऊक असावा.
४. क्षय, मधुमेह, रक्तदाब यांची औषधे खंडित होऊ नयेत म्हणून ती घरपोच देणारे स्वयंसेवक ठरवून ठेवावेत.
५. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील बालकांच्या लसीकरणाचे कार्ड त्यांच्यासोबत जाईल आणि भट्टीजवळच्या केंद्रात दाखविले जाईल, याची काळजी घ्यावी.
६. जेथे शासनाचे कर्तव्य आहे तेथे ग्रामसभेत आणि महापालिकेत ते लेखी मागावे.

पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर नोंदवहीत पुन्हा हजारी ६१ आणि हजारी ८ असे आकडे लिहिले जाऊ नयेत, एवढे मात्र आपण पाहू शकतो. त्यासाठी प्रत्येक वस्तीत, जिला कोणी नाही अशा व्यक्तीचे नाव आज कोणाला तरी माहीत असले पाहिजे. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या गावी ते नाव शोधावे, हीच या लेखामागील आमची अपेक्षा आहे.