आस्कंदाने ताण उतरतो का?

प्रश्न : वय ४४, काचीगुड्यात राहते, बँकेत नोकरी. मार्चअखेरच्या धावपळीत झोप पार उडाली आहे. शेजारच्या काकू अश्वगंधा घे म्हणतात. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. घेऊ का?

उत्तर : ताई, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अश्वगंधा, म्हणजे आपला आस्कंद, थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकतो. गोळीच्या जोडीने ते प्रमाणाबाहेर गेले तर छातीत धडधड होईल आणि उरलीसुरली झोपही जाईल. आधी टीएसएच तपासा, गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

काकूंचं म्हणणं मात्र निराधार नाही. तुमच्याच हैदराबादेत, आशा हॉस्पिटलमध्ये झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, ६० दिवस दिली. उरलेल्यांना औषध नसलेली. अर्क घेणाऱ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जवळपास २८ टक्के उतरलं. दुसऱ्या गटात ८. मला हे महत्त्वाचं वाटतं, पण माणसं थोडी आणि काळ अवघा दोन महिने.

शिवाय तो तीव्र अर्क होता. दुधातून घ्यायचं चूर्ण वेगळं, त्याची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नका. गरोदरपणात हे टाळायचंच. क्वचित यकृतालाही इजा झाल्याची नोंद आहे, म्हणून डॉक्टरांनी होकार दिला आणि पुढे डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर त्याच दिवशी बंद करा.

आणि संध्याकाळचा चहा आजपासून सोडून पाहा.